तिच्या डब्यातली बटणं

बायको गेली तेव्हा मला रडू आलं नाही. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, दहाव्यालाही नाही. आल्यागेल्याला मीच चहा विचारत होतो. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर वगैरे काही नव्हता. बधीर झालेल्या दाढेवर जीभ फिरवावी, तसं वाटायचं.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात जळालेल्या विजेच्या मोटारी तांब्याची तार गुंडाळून पुन्हा वाइंड करायचो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बायको घरी शिवणकाम करायची. आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आणि पोरांचे शाळेचे सदरे तिच्याच मशिनीवरून गेलेले.

तिला जाऊन महिना झाला असेल. खालच्या आळीतली एक सून दारात येऊन उभी राहिली. आत येईना.

"काका, रागवू नगा. काकीकडं माजं पिवळं ब्लाउज ऱ्हायलंय. परवा भावाचं लगीन हाय."

मी कपाट उघडलं. ब्लाउज वरच होतं, घडी घातलेलं. फक्त हुक लावायचे राहिले होते.

"ऱ्हाऊ द्या, हुकं मी लावते घरी," असं म्हणून तिनं ते घेतलं आणि पदर डोळ्याला लावला.

ती गेल्यावर कपाट बंद करायला गेलो, तर खालच्या खणात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा दिसला. त्यात बटणं होती. शाळेची पांढरी, कोटाची तपकिरी, फ्रॉकची फुलाफुलांची, शिवाय टिचबटणं, दोरा गुंडाळायच्या बॉबिनी, मोडक्या कात्रीचं एक पातं. तिनं काहीच टाकलेलं नव्हतं. मी सगळं तिच्या कापड बेतायच्या फळीवर ओतलं आणि रंगाप्रमाणे लावत बसलो. जेवायची वेळ टळून गेली, तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून तांब्याच्या तारेचं जुनं रीळ काढलं. फळीला बारीक भोकं पाडली आणि तारेनं एकेक बटण बांधायला सुरुवात केली. बोटांना तारेची सवय होतीच. कात्रीचं पातं मध्ये बसवलं, बॉबिनी कडेनं. कशाचं चित्र होतंय, हे मला माहीत नव्हतं. हात चालत होते, एवढंच.

मुलगी भूगावला फ्लॅटमध्ये राहते, एका कंपनीत नोकरी करते. रविवारी आली, तेव्हा फळी अर्धी भरली होती.

"अप्पा, हे काय चाललंय?"

"काही नाही. बटणं लावतोय."

"आई गेल्यापासून तुम्ही एकदा तरी तिच्याबद्दल बोललात? आणि आता तिच्या वस्तूंना भोकं पाडताय!"

"बटणांना असतातच भोकं," मी म्हणालो.

खरंच तेवढंच सुचलं. ती न जेवता निघून गेली. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे मला समजत होतं. वाटलं मात्र नाही.

पुढं दोन आठवडे ती आली नाही. फळी पूर्ण झाली. मी ती ओसरीवरच्या भिंतीला टेकवून ठेवली. मग बायका येऊन बघायला लागल्या. पिवळ्या ब्लाउजवाली तर फळीसमोर बसलीच. "हे माज्या पोरीच्या फ्रॉकचं! जत्रंला शिवला व्हता काकींनी." शेजारच्या म्हातारीनं तपकिरी बटणावर बोट ठेवलं. "आमच्या ह्यांच्या कोटाचं हाय. व्हय, ह्येच हाय." दोघी रडल्या. मी पाणी आणून दिलं.

कुणीतरी मुलीला फोनवर फोटो पाठवला असावा. त्याच संध्याकाळी ऑफिसातून ती थेट इकडं आली. चपला न काढता ओसरीवर बसली आणि वरच्या कोपऱ्यातलं एक लाल बटण चाचपत म्हणाली, "हा माझा स्वेटर होता. पहिलीतला."

"हो."

"अंगुस्तान कुठंय आईचं?"

ते मी फळीवर लावलं नव्हतं. शिवताना बोटात घालायची ती पितळी टोपी, वापरून वापरून एका बाजूनं झिजलेली. ती माझ्या खिशात होती. काढून दिली. तिनं बोटात घालून पाहिली. तिला सैल झाली.

"मला गळ्यात घालता येईल असं करून द्या."

मी अंगुस्तानाला तारेची कडी केली, खाली दोन लहान पांढरी बटणं अडकवली आणि काळ्या गोफात ओवून दिलं. तासभर लागला. ती समोर बसून होती. गोफ बांधताना तिनं केस वर धरले. मानेवरचा तीळ तिच्या आईसारखा आहे, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आई शिवताना काय बोलायची हो तुमच्याशी?" तिनं विचारलं.

मी आठवून पाहिलं. "दिवा लावा म्हणायची. दिसत नाही म्हणायची."

यावर ती रडली. मला रडू आलं नाही. पण ती गेल्यावर मी मशिनीपाशी दिवा लावून ठेवला.

आता ती ऑफिसला ते घालून जाते. कुठून घेतलं म्हणून विचारतात, असं सांगते. खालच्या आळीतल्या दोघींनी परवा आपापल्या घरातले डबे आणून ठेवलेत. एकात किल्ल्या आहेत, दुसऱ्यात फुटक्या बांगड्या. सकाळी उजेड चांगला असतो. मी तेव्हा तार घेऊन बसतो.