उद्या दोन पाठवते

कमेंटमध्ये कुणीही 'योद्धा' लिहायचं नाही. लिहिलंत तर मी डिलीट करणार.

प्रज्ञाला तो शब्द चालायचा नाही.

प्रज्ञा माझ्या आठवी ब-ची. विश्रांतवाडीतल्या आमच्या शाळेत मी तिची वर्गशिक्षिका. ब्लड कॅन्सरने ती गेली, त्याला आज वर्ष झालं. सकाळी तिच्या घरी पुण्यानुमोदन होतं. बुद्धवंदना झाली, सगळ्यांबरोबर जेवले आणि घरी आल्यापासून फोन हातात घेऊन बसलेय.

फळ्याच्या कोपऱ्यात रोजचा सुविचार लिहायचं काम तिच्याकडे होतं. बाकीची मुलं कॅलेंडरमधून उचलायची. ही स्वतःच्या डोक्यातून काढायची.

"जो वेळेवर येतो, त्यालाच कुलूप उघडावं लागतं."

मुख्याध्यापक राउंडला आले, त्यांनी चष्मा वर करून वाचलं.
"हा सुविचार आहे?"
"सर, अनुभव आहे," प्रज्ञा म्हणाली. सर चष्मा खाली करून पुढच्या वर्गात गेले.

शाळा सुटताना आपली ओळ ती स्वतः पुसायची. "बाई, शिळं ठेवायचं नाही."

मग दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. तिच्या बाबांचा फोन आला. वर्गाला कसं सांगितलं, मला आता नीट आठवतही नाही.

मुलांनी फळाभर रंगीत खडूंनी लिहिलं, 'प्रज्ञा, तू योद्धा आहेस! लढ!' भोवती फुलं, फुगे, सगळं. मलाही तेव्हा ते फार छान वाटलं होतं. मी कौतुकाने व्हिडिओ कॉल लावला.

तिने सगळं शांतपणे वाचलं.

"बाई, मला सलाईन लावलंय. तलवार नाही दिलेली."

मग ती स्क्रीनच्या आणखी जवळ आली.

"आणि माझ्या कोपऱ्यात फुगे कुणी काढले?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला बरं व्हायचं होतंच. पण त्याआधी तिला आपली जागा जायला नको होती. तिला पेशंट व्हायचं नव्हतं, आठवी ब-मध्येच राहायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिची ओळ माझ्या फोनवर यायला लागली. व्हॉइस नोट. प्रार्थनेनंतर मी ती वर्गात ऐकवायची आणि तिच्या शेजारी बसणारा ओजस फळ्यावर लिहायचा.

"सगळे विचारतात कसं वाटतंय. खिचडी कशी आहे ते कुणीच विचारत नाही."

मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गांतली मुलं आमच्या दारात येऊन वाचून जायला लागली. मुख्याध्यापकही यायचे. हजेरी बघायला आलोय म्हणायचे, बघायचे मात्र फळ्याकडे.

आमचा पालकांचा ग्रुप तुम्हाला माहीत नाही. डब्यात मॅगी चालेल का, यावर तिथे युद्ध व्हायचं. दोन आया तर व्हॅनमधल्या खिडकीच्या सीटवरून एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्याच ग्रुपवर "प्रज्ञासाठी प्लेटलेट्स हव्यात" एवढं पडलं की मिनिटात हात वर. त्या दोघी तर एकाच स्कूटरवरून ब्लड बँकेत गेल्या. व्हॅनवाले काकासुद्धा गेले आणि परत येऊन नेहमीसारखे पोरांवर ओरडले.

एकदा तिची व्हॉइस नोट आलीच नाही. फार ताप होता. कोपरा रिकामा राहू नये म्हणून ओजसने आपल्या मनाने लिहिलं, "प्रयत्न हीच यशाची खरी गुरुकिल्ली." आणि गाढवाने फोटो तिला पाठवायला लावला.

संध्याकाळी उत्तर आलं. आवाज अगदी बारीक.

"ओजस, हे कॅलेंडरमधलं आहे. निदान उचलायचं तरी चांगलं उचल."

दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात ऐकवलं. ओजस सगळ्यात जास्त हसला, आणि मग बाकाखाली काहीतरी शोधायच्या निमित्ताने बराच वेळ वर आलाच नाही.

तिची शेवटची व्हॉइस नोट मी अजून जपून ठेवली आहे. मागे मशीनचा आवाज येतो.

"बाई, आज सुचत नाहीये. उद्या दोन पाठवते."

वर्गात एकमत झालं, हेच लिहायचं. ओजसने लिहिलं.

आज सुचत नाहीये. उद्या दोन पाठवते.

रात्रीत ती गेली.

त्यानंतर ती ओळ पुसायची कुणाची हिंमत झाली नाही. गणिताच्या बाई कोपरा सोडून गणितं घालायच्या. सफाईच्या मावशी डस्टर घेऊन यायच्या आणि तेवढं सोडून पुसायच्या. कुणीतरी भोवती चौकट आखली. मीही ती राहू दिली. मला ती ओळ तिथे हवी होती.

मग एके दिवशी तिची आई शाळेत आली. प्रज्ञाची पुस्तकं दुसऱ्या मुलीला द्यायला आणली होती. वर्गात आली, फळ्यासमोर उभी राहिली. वाचलं.

तिने टेबलावरचं डस्टर उचललं आणि ती ओळ पुसली. चौकटीसकट.

"ताई..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिला शिळं चालत नाही हो, बाई."

मग तिने खडू ओजसपुढे धरला.

"काकू, काय लिहू?"

"तुला सुचेल ते लिही. कॅलेंडरमधलं नको."

वर्ग हसला. पहिल्यांदाच, तिच्यानंतर. आणि मग जे रडलो आम्ही सगळे, ते मी इथे लिहिणार नाही.

पोरं आता नववीत आहेत. कोपरा अजून रोज भरतो, पाळीपाळीने. रोज पुसला जातो.

प्रज्ञा, आजची ओळ ओजसची होती, शाळेतून फोटो पाठवलाय त्याने. फार काही बरी नाही. पण त्याची स्वतःची आहे.

दोन पाठवणार होतीस तू. अजून रोज सकाळी फोन बघते गं.

भरल्या मनाने निरोप, बाळा. जय भीम.