अकराचं ऊन

"धूप लीजिए माताजी. ग्यारह से एक के बीच, बाँहें खुली रखकर," डॉक्टर म्हणाला. माताजी म्हणे! मला अजून साठी लागायचीय. पण भांडायला आले नव्हते. उजवा खांदा कित्येक महिने ठणकत होता, अंबाडा बांधायला हात वर नेला की अर्ध्यातच अडायचा. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी अगदी तळाला. खांद्यात स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी असते, ती थोडी फाटली होती. डी कमी असलं की स्नायूंत जोर राहत नाही, फाटलेलं भरून यायलाही अडचण होते, असं त्यानं नीट समजावलं. गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवला. सांभाळलंत तर हात वाचेल, पण त्यावर जोर देऊ नका, हे दोनदा बजावलं.

आता जबलपुरात उन्हाचा काय दुष्काळ? पण आमचं घर गढ्यात, शहराच्या जुन्या दाट वस्तीत. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा खालचा मजला आम्हाला दिला, वरचा मजला आणि गच्ची थोरल्या दिरांना. उन्हाचा विषय कोणी काढलाच नाही. मग दिरांनी आमच्या अंगणावर स्लॅब टाकला. त्यांना बाल्कनी झाली, आमचं आभाळ गेलं. मी भर दुपारी ट्यूबलाइट लावून पोळ्या लाटते. गल्ली एवढी अरुंद, की समोरचा शिंकला तर आमच्या वरणात पडावं. गच्चीला कायम कुलूप, अन् चावी मोठ्या जाऊबाईंच्या कमरेला.

नवऱ्याला म्हटलं, "अहो, दादांकडे एक शब्द टाका न. तासभर बसेन अन् खाली येईन."

"काहून तमाशा करून राहिली? आपलेच दात, आपलेच ओठ," हे म्हणाले. "ग्वारीघाटला जाऊन बस. नर्मदामाईचं दर्शनही होईल."

अगं बाई! म्हणजे घाटावर पंड्यांसमोर, नावाड्यांसमोर मी दंड उघडे टाकून बसायचं? पुरुषाचं बरं असतं, बनियनवर ओट्यावर बसला की झालं. बाईला उन्हात बसायलाही आधी आडोसा शोधावा लागतो. हे यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे! नोकरीत असताना फॅक्टरीच्या साहेबांशी तोंडावर भांडलेला माणूस, पण भाऊ समोर आला की जीभ टाळ्याला चिकटते. दात त्यांचे अन् ओठ माझे, एवढाच त्या म्हणीचा अर्थ आमच्या घरात.

शेवटी मीच जिना चढले. जाऊबाई गोड हसल्या. "अच्छा, एवढंच न? ये की! उद्यापासून कुरडया घालून राहिले मी. मला हातभार होईल, तुझं ऊनही होईल."

"ताई, माझा खांदा..."

"चलो, जरा चालवला की मोकळा होते तो."

डॉक्टरचं बजावणं कानात होतं. पण ऊनही पाहिजे होतं, अन् ते मिळायची दुसरी वाट नव्हती. सकाळी उठून वर गेले. जाऊबाई चीक शिजवायच्या अन् काळं पडू नये म्हणून डोक्यावरून ओढणी घेऊन टाकीच्या सावलीत बसायच्या. सोऱ्या माझ्या हातात. गरम चीक भरायचा, दाबायचा, प्लास्टिकवर गोल फिरवायचा. प्रत्येक दाबाला खांद्यातून कळ निघायची अन् मी अकरा वाजायची वाट पाहायची. चीक नऊलाच संपला.

"मी राखण बसते, ताई. माकडं येतील."

"नाही गं, तू काहून त्रास घेते? जाळी टाकली न मी."

मला पुढे घालून खाली आणलं अन् कुलूप लावलं. अकराचं ऊन कुरडयांना मिळालं. मी ट्यूबलाइटखाली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तरी रोज वाटायचं, आज तरी म्हणतील, बस थोडी. मेली आशाच वाईट.

शेवटच्या घाण्याला खांद्यात काहीतरी तटकन तुटलं. सोऱ्या हातातून पडला. हात उचलू म्हटलं, तर तो माझा राहिलाच नव्हता.

या वेळी डॉक्टरनं ऊन सांगितलं नाही. दोरी पार तुटून आत ओढली गेली, स्नायूही विरलाय, टाका धरणार नाही म्हणाला. आता हात छातीपर्यंत जातो, त्याच्या वर नाही. अंबाडा बांधता येत नाही म्हणून केस कापून टाकले. कापताना रडले मी, खोटं काहून बोलू?

परवा जाऊबाई खाली आल्या, हातात ताटभर तळलेल्या कुरडया. गच्चीची चावी माझ्यासमोर ठेवली. "ठेव तुझ्याकडेच. आधी सांगायचं न गं, एवढं दुखते म्हणून!"

त्या गेल्यावर हे म्हणाले, "पाहिलं? वहिनीचं मन किती मोठं आहे." एक कुरडई मोडून तोंडात टाकली. "अन् फुलल्या काय मस्त!"

"खा," मी म्हटलं. "माझा खांदाच आहे तो."