चौथ्या मजल्याची हवा

बंगळूरला आल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागलेलं वाक्य म्हणजे, इथली हवा इतकी छान, मग खिडक्या का उघडत नाही? नवरा म्हणतो, सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणतात, एचएसआर लेआउटमधला आमचा इडलीवालाही म्हणून झालाय. बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या ऑफिस-इमारतीतली वापरलेली हवा बाहेर घालवायची आणि बाहेरची ताजी आत आणायची, हे माझं काम. त्या इमारतीला उघडणारी एकही खिडकी नाही. का नाही, ते मला विचारू नका, ती मी बांधलेली नाही. आणि एखादी असती, तरी शेजारच्या सांडपाण्याच्या तळ्यावरून वारा सुटल्यावर पहिली तीच बंद झाली असती.

गच्चीवर प्रत्येक मजल्यासाठी एकेक यंत्र आहे. त्याच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं, माणसाच्या उंचीचं एक चाक सावकाश फिरत असतं. त्याच्या अर्ध्या भागातून ऑफिसातली गार हवा बाहेर जाते आणि जाताना चाक गार करते. उरलेल्या अर्ध्यातून बाहेरची हवा आत येते, ती त्या चाकावर थोडी निवते. वाया जाणारा गारवा परत मिळवायचा, एवढीच त्यातली अक्कल. हे मी किती बैठकांत समजावलं असेल देव जाणे. सगळं सांगून घसा कोरडा पडला की कुणीतरी विचारतंच, म्हणजे आमची शिळी हवाच आम्हाला परत देता का?

ही यंत्रं सांभाळायचे ते अण्णा. इमारतीत लहानथोर सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. साठीकडे झुकलेले, निपाणीकडचे, एका एजन्सीमार्फत कामाला लागलेले. माझ्याशी मराठीत बोलणारे तिथे ते एकटेच होते. इमारतीपासून दहा मिनिटांवर एका खोलीत राहायचे. बायकोला अर्धांगवायू झालेला, उजवं अंग गेलेलं. रोज साडेबाराला घरी जाऊन ते तिला जेवू घालायचे, तिची कूस बदलायचे आणि दीडच्या आत परत यायचे. जास्त पगाराचं काम सोडून त्यांनी ही नोकरी धरली होती ती या एका तासासाठी. मला हे पक्कं माहीत होतं.

दसऱ्यानंतर चौथा मजला पेंगायला लागला. डोकं दुखतं, जेवल्यावर डोळे उघडे राहत नाहीत, अशा तक्रारींनी माझी मेलपेटी भरली. मी मीटर घेऊन खाली गेले तर कार्बन डायऑक्साइड बेसुमार वाढलेला. याचा अर्थ एकच, ताजी हवा पोचत नव्हती. स्क्रीनवर मात्र सगळं हिरवंगार. चाक चालू, पंखा चालू, बाहेरची हवा घेणारी झडप पूर्ण उघडी. मग बैठका. एकाने कुंड्या ठेवायला सुचवलं. एकीने सुगंधी फवारा मारायला सांगितलं. एक जण म्हणाला एसी अजून दोन अंश खाली आणा, जणू लोक उकाड्याने पेंगत होते. मी दात-ओठ खात ऐकत होते.

शेवटी इमारतीच्या व्यवस्थापकांनी निकाल लावून टाकला. अण्णाच यंत्र बंद करून ठेवत असणार. याला थोडा आधार होता. तळ्याचा वास आला की याच मजल्यावरून अण्णांना फोन जायचा, "स्वल्प बंद करा", म्हणजे जरा वेळ बंद करा, आणि ते बिचारे अर्धा तास यंत्र थांबवायचे. ज्यांनी फोन केले होते तेच आता साळसूदपणे माना डोलावत होते. अण्णांना बोलावलं. ते म्हणाले, सणानंतर एकदाही बंद केलेलं नाही. मग ते माझ्याकडे वळून काही सांगायला लागले. पण आठवडाभर माझं डोकं उठलेलं. मी त्यांना पुरतं बोलूच दिलं नाही.

"मग हवा काय आपोआप अडली, अण्णा?" सगळ्यांसमोर मी त्यांना झापलं.

अण्णा परत गच्चीवर गेले. दुसऱ्या दिवशी एजन्सीचा हुकूम आला की सोमवारपासून अण्णांनी यशवंतपूरच्या गोदामात जायचं. बेळ्ळंदूरहून यशवंतपूर म्हणजे जायला दोन तास, यायला दोन. दुपारी घरी येणं संपलंच.

शनिवारी मन खायला लागलं म्हणून मी गच्चीवर गेले. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण स्क्रीन हिरवी दिसत असताना यंत्राचं दार उघडून आत शिरायचा मला कंटाळा आला होता. अण्णांनी दार धरलं, मी आत टॉर्च मारली. झडप घट्ट बंद होती. तिची मोटर व्यवस्थित फिरत होती, झडप उघडल्याचं स्क्रीनला इमानदारीत कळवतही होती. फक्त मोटर आणि झडपेचा दांडा यांना जोडणारा क्लॅम्प सैल होता, त्यामुळे मोटर नुसतीच फिरत होती. आणि तो क्लॅम्प मीच सैल केला होता.

आपल्याकडची खंडेनवमी ती इथली आयुधपूजा. लिफ्टपासून झेरॉक्सच्या मशीनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, केळीचे खुंट बांधतात, फाटकाशी कुंकू भरलेला कोहळा फोडतात. गच्चीवरची पूजा चौथ्या मजल्याच्या यंत्रापुढे होते, कारण तिथे जागा आहे. आदल्या वर्षी यंत्राने धुपाचा सगळा धूर ओढून घेतला, खाली आगीची घंटा वाजली आणि अख्खी इमारत रस्त्यावर आली. यंदा ते नको म्हणून मी शहाणपणा केला. स्क्रीनवरून झडप बंद करायची तर तीन जणांची परवानगी लागते. त्यापेक्षा मी पाना घेतला, क्लॅम्प ढिला केला आणि झडप हाताने लोटून दिली. तासाभराने परत आवळायचा होता. पण पुण्याची बस गाठायची होती, मी प्रसाद घेतला आणि निघाले.

आणि अण्णांनी मला फोन केला होता. मी त्याच पुण्याच्या बसमध्ये होते, शेजारच्याचं पोर रडत होतं. चाक फिरतंय पण आवाज वेगळा येतोय, उघडून बघू का, असं ते विचारत होते. मी वैतागून म्हटलं होतं, स्क्रीनवर सगळं नीट दिसतंय ना, मग कशाला हात लावू नका. हे मी साफ विसरले होते.

पाना हातात घेऊन मी त्यांना विचारलं, बैठकीत हे सांगितलं का नाही.

"सांगायलाच लागलो होतो की, मॅडम. तुम्ही चिडलासा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पाऊस आला म्हणून छत्री उघडली, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी क्लॅम्प आवळला. चूक माझी आहे, असं सगळ्यांना लिहून कळवलं. व्यवस्थापकांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, यावर तर मला अजून संताप येतो. बदली रद्द करायला मात्र एजन्सीने तीन आठवडे घेतले. तिथून उत्तर यायचं, नवा माणूस रुजू झालाय, फॉर्म वर गेलाय, सरी मॅडम, म्हणजे बरं मॅडम, बघतो. मी रोज फोन करून भांडत होते आणि अण्णा रोज यशवंतपूरला जात होते.

परत आल्यावर पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, घरी कसं काय जमवलंत. ते पुसायचं फडकं पिळत म्हणाले, जमलं की. पहाटे भरवून जायचे, दुपारचा भात तिच्या डाव्या हाताशी ठेवायचे. एकदा तिच्याकडून तांब्या लवंडला. कुणाला हाक मारणार? संध्याकाळपर्यंत ती ओल्यातच पडून होती. एवढं बोलून ते मध्येच थांबले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागले, मी चिडले तर नाही ना, ते पाहायला.