पुसलेली लाल फुली

मामाच्या रायफलच्या फोटोला तुम्ही दोघांनी लाल बदाम पाठवलेत. धाकटीने तर तीन. त्यानंतर मी तुमच्याशी फोनवर धड बोललेले नाही, आणि तुमच्या आईला वाटतंय की मला मिनेसोटाची थंडी सोसत नाहीये. थंडीचा काही संबंध नाही. मी चिडलेली आहे. का चिडले ते फोनवर सांगायला गेले की तुमचा मामा मागून म्हणतो, "आई, जाऊ दे ना आता." म्हणून लिहून पाठवते. मध्येच सोडू नका, क्रमाने वाचा.

आजी "सरकारी नोकरीत" होती एवढंच तुम्हांला माहीत आहे. नोकरी बंदुकांच्या कारखान्यातली होती, तपासणी विभागातली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, फिजिक्सची पदवी घेतलेली मुलगी तिथे काय करते, असं लोक माझ्या वडिलांना विचारायचे. कारखान्यातली ड्रॉइंग इंग्रजीत असायची आणि ती नीट वाचून माल पास-नापास करणारं कुणीतरी लागायचं, ते मी करत होते. एकोणतीस वर्षं. त्यातली निम्मी मॅगझिनवर गेली. मॅगझिन म्हणजे रायफलला खालून लावतात तो पोलादी पत्र्याचा डबा. त्यात गोळ्या एकावर एक बसतात, खालची स्प्रिंग त्यांना वर ढकलते, आणि डब्याच्या तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा एका वेळी एकच गोळी बाहेर सोडतात. त्या कडांना आम्ही ओठ म्हणायचो. सगळा खेळ त्या ओठांचा.

मामाला दोन वर्षांपूर्वी इथलं नागरिकत्व मिळालं. ते मिळाल्यावर इथले लोक बोट घेतात, तळ्याकाठी घर घेतात. याने आणि याच्या ऑफिसातल्या नागपूरच्या मित्राने नेमबाजी शिकायचं ठरवलं. शिकण्याला माझा आक्षेप नव्हता. रीतसर क्लास केला, घरात पोलादी कपाट आणलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली. मामाने घेतली ती जुन्या लष्करी घडणीची रायफल, आमच्याकडे व्हायची त्याच घराण्यातली. तिच्यासोबत एकच मॅगझिन आलं, म्हणून आणखी घ्यायला आम्ही एका रविवारी तासाभराच्या अंतरावर, जत्रेच्या मैदानातल्या हॉलमध्ये भरलेल्या बंदुकांच्या बाजाराला गेलो. मला कशाला नेलं? मामी बाहेर गेली होती आणि मला घरी एकटं ठेवायचं नव्हतं. मला विचारायचं म्हणून नव्हे, हे लक्षात ठेवा.

एका टेबलाखाली प्लास्टिकच्या टबात जुने लष्करी डबे पडले होते, ग्रीसने माखलेले. शेजारी नवे, कुणा कारखान्याने आता बनवलेले, काळे चकचकीत. मामाने चकचकीत उचलला. मी तो घेतला आणि दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबला. पत्रा आत गेला. मी परत ठेवला.

"आई, याचे रिव्ह्यू चांगले आहेत," मामा म्हणाला.

"रिव्ह्यू लिहिणाऱ्याने दाबून बघितला होता का?"

मग मी टबाकडे वळले. पर्समधल्या टिश्यूने ग्रीस पुसून एकेक डबा उजेडाकडे धरला. दोन्ही ओठ सारखे आहेत का, समांतर आहेत का. पत्रा जिथे वळतो तिथे नखाला बारीक चीर लागते का. आतली गोळ्यांखालची पट्टी अंगठ्याने तळापर्यंत दाबायची. ती सरळ खाली गेली पाहिजे आणि तशीच सरळ वर आली पाहिजे, कलली की तो डबा बाद. बाहेर पोचा असेल तर आत त्याच ठिकाणी गोळी अडते. बाहेरचा गंज निघतो, आतला निघत नाही. आणि कुणी कानशीने घासलेलं दिसलं, तर पुढचं काही न बघता खाली ठेवायचा. तसा एक होता. या रायफलींच्या डब्यांत दोन जाती असतात, दिसायला जुळ्या, पण पुढे रायफलमध्ये अडकणारा जो दात असतो त्याचं माप वेगळं. दुसऱ्या जातीचा डबा या जातीत बसावा म्हणून कुणीतरी दात घासून बारीक केला होता.

दुकानदार पाय पसरून माझी गंमत बघत होता. "जुनं स्टील आहे, मॅम. आपण दोघं जाऊ, हे राहील."

"राहील हो. चालेल का, ते बघतेय."

तो हसला आणि मामाला म्हणाला, "तुझी आई नेहमी अशीच भाजी घेते का?"

मामाही हसला. म्हणाला, "शी वर्क्ड इन सम फॅक्टरी." सम फॅक्टरी! तुझी फी, तुझे बूट, तुझं इंजिनिअरिंग, सगळं त्या "सम फॅक्टरी"तून आलं, असं मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. परक्या माणसापुढे मुलाला बोलू नये, या शिकवणीचा मला आता राग येतो.

टबातून मी तीन डबे काढले. मामाने दहा घेतले, कारण दहाचा लॉट स्वस्त पडत होता. वरचे सात मी नाकारलेल्यांतलेच, तो घासलेलासुद्धा.

"तुझे तीन आहेतच ना. हे सात स्पेअर."

"स्पेअर म्हणजे काय? नापास झालेला मुलगा काय स्पेअर विद्यार्थी असतो?"

"चालवून बघू गं. नाही चालले तर बघू." हे यांचं ऑफिसातलं तत्त्वज्ञान. प्रोग्रॅम बिघडला की बंद करून पुन्हा चालू करायचा.

घरी आल्यावर मी गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरून दहाही डबे धुतले, पुसले, आणि सातांच्या तळावर मामीच्या लाल नेलपॉलिशने फुली काढली. मामी म्हणाली, "आई, तो माझा महागातला शेड आहे हो," आणि हसत दुसरी बाटली दिली. नापास मालावर लाल रंग, ही आमची पद्धत. मला वाटलं, माझं काम झालं.

पुढच्या शनिवारी सगळे नेमबाजीच्या मैदानावर गेलो. मामी थर्मासमधून चहा घेऊन आली होती. आम्ही दोघी मागच्या बाकावर, कानांवर ते जाड झाकण लावून. मामाचा मित्र चाळिशीचा आहे, पण शाळेची सहल निघाल्यासारखा वागतो. "काकू, चिवडा आणला ना? नाही तं मी परत चाललो." तिथल्या लाकडी टेबलावर त्याने चार डबे ओळीने मांडले, मामाने रायफल हातात धरली आणि मित्राने फोटो काढला. तोच फोटो. तुम्ही बदाम पाठवलेत तेव्हा पुण्यात रात्रीचे अकरा वाजले असतील, आणि इथे पुढची दहा मिनिटं घडायची होती.

मित्राने रायफल घेतली आणि ओळीतला एक डबा लावला. तो उचलताना त्याचा तळ माझ्याकडे झाला. तळाच्या कडेला गुलाबी डाग होता.

मी मामीकडे बघितलं. तिनेही पाहिलं होतं. मग तिने माझ्या कानावरचं झाकण किंचित उचलून मला सांगितलं, "काल घरी त्याने माझं रिमूव्हर मागितलं होतं. म्हणाला, फोटोत ते लाल विचित्र दिसेल."

म्हणजे साती फुल्या पुसल्या होत्या आणि दहाही डबे एकत्र झाले होते. मी उठून ओरडले. पण त्या दोघांच्याही कानांवर झाकणं होती. पहिली गोळी उडाली. दुसरी उडाली. तिसऱ्या वेळी ओठांनी एकाऐवजी दोन गोळ्या सोडल्या आणि त्या रायफलच्या पोटात आडव्यातिडव्या अडकल्या. मित्र बोल्टची, म्हणजे गोळी नळीत ढकलून मागचं तोंड बंद करणाऱ्या तुकड्याची, दांडी धरून झटके द्यायला लागला. निघेना. मग तो रायफलसकट वळला, मामाला दाखवायला.

"अबे, हे बघ ना काय झालं!"

रायफलचं तोंड लक्ष्याकडून फिरलं. टेबलावरून, थर्मासवरून, मामीच्या छातीवरून माझ्यापर्यंत आलं. मामी जागची उठलीसुद्धा नाही. तिच्या हातात थर्मासचं झाकण होतं आणि त्यातला चहा हिंदकळून तिच्या मांडीवर सांडला. तिथल्या देखरेखीच्या माणसाने सगळ्यांना गोळीबार थांबवायला ओरडून सांगितलं, धावत येऊन नळी खाली दाबली, आणि आम्हां चौघांना त्या दिवसापुरतं बाहेर काढलं. त्याने बरोबर केलं. मी तर कायमचं काढलं असतं.

गाडीत मामा म्हणाला, "आई, बोल्ट बंदच झाला नव्हता. गोळी सुटलीच नसती."

"तो झटके देत होता. एखाद्या झटक्याला बोल्ट पुढे जाऊन बंद झाला असता तर?"

"पण झाला नाही ना?"

"आणि बोट? बोट कुठे होतं त्याचं?"

"ट्रिगरच्या बाहेर होतं."

बाहेर नव्हतं. नळीच्या टोकाकडून मी बघत होते, मामा नव्हता बघत. मामी पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर ओला रुमाल. घर येईपर्यंत मामाने तिला विचारलंही नाही की चहाने भाजलं का.

मॅगझिन स्वतः कुणाला मारत नाही. ते फक्त अडकतं. मग माणूस वैतागतो, आणि वैतागलेल्या माणसाला आपल्या हातात काय आहे याचं भान राहत नाही. म्हणून त्या साध्या डब्यासाठी आम्ही एवढ्या चाळण्या लावायचो.

संध्याकाळी मामाने चूक कबूल केली. निदान मला तसं वाटलं. "तुझं बरोबर होतं, ते सात नकोत," म्हणाला आणि मला विचारून विचारून सात बाजूला काढले. मी जरा शांत झाले. मग त्याने ते कापडी पिशवीत भरून दाराशी ठेवले आणि मित्राला फोन लावला. स्पीकरवर होता.

"उद्या घेऊन जातो," मित्र म्हणाला. "पुढच्या बाजारात टेबल लावणारा एक जण ओळखीचा आहे, त्याच्याकडे देऊन टाकू. घेतेच कोणी ना कोणी. काकूंना सांग, काऊन टेन्शन घेता."

मी विचारलं, "घेणाऱ्याला काय सांगणार?"

"जसे आहेत तसे म्हणून विकायचे, काकू. सगळे तसंच विकतात."

आता जे सांगते ते मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. कारखान्यात नियम होता की नापास डबा नुसता रंगवायचा नाही. तपासनिसाच्या डोळ्यांदेखत प्रेसखाली चपटा करायचा, आणि मगच नोंदवहीत सही. एकदा फोरमन म्हणाला, "बाई, जेवणाची सुट्टी झाली, नंतर चपटे करतो, तुम्ही सही करून टाका." मी सही केली. काही महिन्यांनी नव्या लॉटमध्ये माझ्या टेबलावर एक डबा आला. गेज, म्हणजे आमचं मापाचं हत्यार, लावलं तर ओठ फाकलेले, आणि तळाच्या खाचेत गुलाबीसर रंग. थिनरने पुसलेला. माझीच फुली होती. तो माझ्या टेबलावर परत आला म्हणून सापडला. बाकीचे कुणाच्या टेबलावर गेले, कुणाच्या हातात गेले, मला आजवर माहीत नाही. वरिष्ठ म्हणाले, आता वाच्यता नको. मी वाच्यता केली नाही.

म्हणजे रंग पुसता येतो हे मला तुमच्या मामापेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. तरी मी गॅरेजमध्ये नेलपॉलिशची फुली काढली आणि हात झटकले. का? कारण घर त्याचं, पैसे त्याचे, आणि मी सहा महिन्यांसाठी आलेली. मुलाच्या वस्तू मोडू नयेत. या सभ्यपणापायी माझ्या सुनेच्या छातीवरून नळी फिरली. मला सगळ्यांत जास्त राग याचा आहे, आणि तो मामावर ढकलून कमी होत नाही.

रविवारी सकाळी नाश्त्याआधी मी ती पिशवी घेऊन गॅरेजमध्ये गेले. आधीच्या घरमालकाचा एक मोठा व्हाइस, दांडा फिरवून आवळायचा लोखंडी शिकंजा, तिथल्या टेबलाला बसवलेला आहे. एकेक डबा त्याच्या जबड्यात धरला आणि दांडा फिरवला. ओठ मिटेपर्यंत, पत्रा पत्र्याला टेकेपर्यंत. सहा झाले आणि माझं मनगट संपलं. सातवा तो कानशीने घासलेला होता. जबड्यात धरला, पण दांडा हलेना.

मामा दारात येऊन उभा होता. "आई, ते माझे होते."

"होते."

"निदान विचारायचंस तरी."

"फुल्या पुसताना तू मला विचारलं होतंस?"

तो दारातच उभा राहिला. त्याच्या मागून मामी आली, पायांत सपाता, मांडीवर मलम लावलेलं. तिने दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि सगळं वजन टाकलं. डबा करकरला आणि बसला. मग ती आत जाऊन पोह्यांना फोडणी घालायला लागली.

अकराला मित्र आला. चपट्या पत्र्यांचा ढीग बघून म्हणाला, "काकू, हे काय केलं जी तुम्ही?" आणि हसायला लागला. मामी चहाचा कप घेऊन आली, तो त्याच्यासमोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याचं हसू थांबलं. "सॉरी, वहिनी," म्हणाला. शनिवारपासून हा शब्द पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडातून निघाला होता, आणि ते तोंड माझ्या मुलाचं नव्हतं.

त्यानंतर मामा माझ्याशी कामापुरतंच बोलतो. बोलू दे. तीन चांगले डबे मी त्याला परत दिलेत, प्रत्येकावर नंबर कोरून. रंगवून नाही, कोरून.

आता तुमचं काम. तो फोटो उघडा आणि दोन बोटांनी मोठा करा. टेबलावरच्या ओळीत डावीकडून दुसरा डबा, तळाची कड. गुलाबी दिसतंय? त्या डब्याला तुम्ही बदाम दिलेत. ते आधी काढा, मग मला फोन करा.