हद्दीबाहेरचे गाऱ्हाणे

शनिवार, ११ जानेवारी २०२५, सकाळी पावणेसात. त्या वेळी आम्ही फुजैराच्या समुद्रकिनाऱ्यावर गाडीतून उतरलो आणि जे सांगायचे आहे ते तेथून सुरू झाले. मी जे पाहिले व ऐकले तेवढेच लिहीत आहे. त्याला चमत्कार म्हणावे की नाही, हे वाचणाऱ्याने आपल्यापुरते ठरवावे. मी ठरवलेले नाही.

आम्ही पतिपत्नी मूळचे कुडाळजवळच्या एका खेड्यातले. माझ्या पाटबंधारे खात्यातील नोकरीमुळे पुण्यात स्थायिक झालो. मुलगा प्रसाद शारजात राहतो आणि दुबईत नोकरी करतो. तो दर हिवाळ्यात आम्हाला बोलावतो. दोन वेळा नाही म्हणालो, तिसऱ्या वेळी आलो. येताना मनात फारशी अपेक्षा नव्हती. वाळू, उंच इमारती आणि कृत्रिम थंडावा, एवढेच चित्र होते. ते चूक निघाले, हे मान्य केले पाहिजे.

येथील हिवाळा सुरेख असतो. पहाटे खाडीच्या कडेने फिरायला जावे तर पाण्यावर पातळ धुके असते आणि हवेत अंगावर शाल घ्यावी इतपत गारवा. रस्ते स्वच्छ. पांढऱ्या पट्ट्यांवरून म्हातारा माणूस रस्ता ओलांडू लागला की मोठमोठ्या गाड्या निमूट थांबतात; मी आधी मागे वळून पाहत असे, कोणासाठी थांबले म्हणून. संध्याकाळी उद्यानांत कुटुंबेच्या कुटुंबे सतरंज्या अंथरतात, शेगड्या पेटतात, आणि शेजारच्या सतरंजीवरचा अनोळखी मनुष्य खजुराची ताटली पुढे करतो. मासळी बाजारात सुक्या बांगड्याचा वास आला तेव्हा पत्नी जागच्या जागी थांबली आणि म्हणाली, "अहो, हे तर आपलंच गाव." प्रसाद मात्र रोज दीड-दोन तास रहदारीत अडकून घरी येतो आणि जेवताना बसल्या बसल्या पेंगतो. त्याची मुलगी ईरा आठ वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. तरीही आमचे बरे चालते.

एकच गोष्ट बिघडली होती. माझा जप कोरडा झाला होता. रोज सकाळी बसत होतो, माळ फिरत होती, मन मात्र हलत नव्हते. कारण मला ठाऊक होते. आमचा देव रवळनाथ. तो ग्रामदेव. त्याच्या गावाला सीमा आहे. ओहोळ, चिरेबंदी पार, वडाखालचा राखणदार, येथपर्यंत त्याची हद्द. लहानपणापासून आम्ही हेच ऐकले. गाव सोडणारा माणूस सीमेवर नारळ ठेवतो, तो पुढची वाट दुसऱ्या देवांच्या मुलखातून जाते म्हणूनच. मग समुद्रापलीकडच्या या देशात मी नाव घेतो, ते ऐकतो कोण? हा प्रश्न मी पत्नीजवळ एकदा बोलून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमच्या खात्याच्या कालव्यासारखा आहे का देव? इतक्या किलोमीटरपर्यंत पाणी, पुढे नाही?"

फुजैराला जाण्याचा हट्ट तिचाच. प्रसादने तिला नकाशा दाखवला होता. शारजाचा समुद्र पश्चिमेला, पण देशाच्या दुसऱ्या अंगाला, डोंगरापलीकडे, फुजैराचा समुद्र पूर्वेला. तेथे सूर्य पाण्यातून उगवतो, आणि त्या पाण्याच्या पलीकडे दूर आपले कोकण. ती म्हणाली, जन्मभर तिकडच्या काठावरून इकडे पाहिले, आता इकडच्या काठावरून तिकडे पाहून हात जोडायचे.

पहाटेच निघालो. वाळवंटात धुके इतके दाट की पुढच्या गाडीचे लाल दिवेही पुसट दिसत होते. ईरा म्हणाली, "आजोबा, इट्स लाइक अ क्लाउड!" नंतर डोंगर लागले. उघडे, तांबूस, कातीव डोंगर. झाड नाही, गवत नाही, आणि तरीही भव्य. ज्यांनी ते फोडून रस्ता काढला त्या अभियंत्यांविषयी मला मनापासून आदर वाटला. पत्नीला मधुमेह आहे. घरून निघताना तिने नेहमीप्रमाणे इन्शुलिन टोचून घेतले होते. गाडीत सून नेहाने बिस्किटे पुढे केली. पत्नी म्हणाली, "आधी सूर्यनारायणाला हात जोडीन, मग खाईन." सुनेने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. या बाबतीत तिच्याशी वाद घालून कोणी जिंकलेले नाही.

सूर्य उगवला. लांबवर तेलवाहू जहाजे नांगर टाकून उभी होती, त्यांच्या मधून तो वर आला. पत्नीने पदर डोक्यावर घेतला आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मग प्रसाद, नेहा आणि ईरा गाडी घेऊन गावात इडल्या आणायला गेले. माझा फोन आणि बिस्किटांचा पुडाही गाडीतच राहिला. पत्नी म्हणाली, "तुम्ही जपाला बसा, मी जरा पाण्यात पाय बुडवून येते." मी घडीच्या खुर्चीवर बसलो आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा किनाऱ्यावर ती नव्हती.

प्रथम मी उठलो नाही. ती येईल असे वाटले. मग उठलो. हाक मारली. भरतीच्या रेषेवर तिची पावले दिसली, ती उत्तरेला मासेमारीच्या होड्यांकडे गेली होती, आणि पुढे ओल्या वाळूत पुसली होती. मी त्या दिशेने चालू लागलो. समोरून एक वृद्ध अरब येत होता; पांढरा पायघोळ कंदुरा गुडघ्यापर्यंत खोचलेला, अनवाणी, हातात काहीतरी. जवळ आल्यावर दिसले. तिची एक चप्पल होती.

तो वेगाने बोलू लागला. मला अरबी येत नाही. त्याने माझ्या कपाळाकडे बोट दाखवून कुंकवाची खूण केली, साडीच्या पदराची खूण केली, मग दोन्ही तळहात आडवे करून कोणी जमिनीवर पडल्याचे दाखवले. "मामा... मुस्तश्फा..." असे काहीसे म्हणाला. त्यानंतर त्याने दोन्ही हात हवेत झटकले आणि म्हणाला, "खलास, बाबा. खलास. खलास."

हा एकच शब्द मला कळला. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

मी वाळूवर बसलो. चप्पल माझ्या मांडीवर होती. वृद्धाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पुन्हा तोच शब्द उच्चारला, आणि कोणाला तरी हाका मारीत होड्यांकडे धावत गेला. त्या वयात तो धावत गेला, हे मी पाहिले. पण त्याचा अर्थ लावण्याची शक्ती नव्हती. मी एकटा उरलो. समोर तो समुद्र आणि पलीकडे गाव. माळ खिशात होती. ती काढावीशी वाटली नाही. तोंडून आपोआप जे निघाले ते गाऱ्हाणे होते. आमच्याकडे संकट आले की गावकार देवळात उभा राहून देवाला मोठ्याने गाऱ्हाणे घालतो, आणि मागे जमलेला गाव प्रत्येक मागणीला ओ देतो. मी गावकार नाही. मागे गावही नव्हता. तरी उभा राहिलो आणि हात जोडून मोठ्याने म्हणालो, लहानपणी जी बोली बोलत होतो त्या बोलीत:

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज मी तुझ्या हद्दीभायर उभो रवलंय. तुका ऐकाक येता की नाय, माका ठावक नाय. माझ्या माणसाचा जा काय केलस, ता तुझ्या मर्जीन केलस, माझी तक्रार नाय. पण ती परक्या मुलखात येकटी आसा. तिका येकटी ठेव नको रे, म्हाराजा!"

आणि माझ्या पाठीमागून खणखणीत आवाज आला:

"व्हय म्हाराजा!"

मी वळलो. निळा डगला घातलेला, पन्नाशीचा, पिकलेल्या दाढीचा एक मनुष्य उभा होता. हातात मासळीची पिशवी. त्याच्यामागे तो वृद्ध अरब धापा टाकीत होता.

"काका, कोण गेला?" त्याने विचारले. "कोणासाठी गाऱ्हाणं घालताय?"

मी चप्पल दाखवली. "माझी पत्नी. हे म्हणाले, खलास."

मग त्याने कपाळावर हात मारला. "अरे देवा! काका, इथं खलास म्हणजे मेला नव्हे. खलास म्हणजे काम झालं, आता चिंता नको! काकी चक्कर येऊन पडल्या. होडीवरच्या पोरांनी उचलून गाडीत घातलं आणि मुस्तश्फात नेलं. मुस्तश्फा म्हणजे दवाखाना. त्यांचं माणूस कुठं आहे म्हणून हा बाबा मघापासून चप्पल घेऊन किनारा पालथा घालतोय."

"जिवंत आहे?"

"जाताना पोरांना ओरडत होत्या म्हणे, माझी चप्पल राहिली म्हणून."

मग त्याने वृद्धाला अरबीत काहीतरी सांगितले. माझा काय समज झाला ते कळताच त्या वृद्धाचा चेहरा पडला. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि "ला, ला, हबीबी, ला," म्हणजे नाही, नाही, मित्रा, असे पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मीही त्याचे हात सोडले नाहीत.

"यल्ला, चला," तो मनुष्य म्हणाला.

त्याचे नाव हमीद. विजयदुर्गच्या खाडीकाठचा. फुजैराच्या बंदरावर जहाजांना तेल भरण्याच्या कामावर आहे आणि सुट्टीच्या दिवशी होडीवर ताजी मासळी घ्यायला येतो. दुभाष्या हवा म्हणून वृद्धाने त्याला हाक मारली होती. त्याच्या गाडीत बसल्यावर मी विचारले, "तुम्ही ओ का दिलीत?"

तो लाजला. "सवयीनं गेलं तोंडातून, काका. आमच्या गावात देवळापुढं गाऱ्हाणं घालताना आमचे आजोबापण उभे असायचे, आम्ही पोरं त्यांच्या बाजूला. जोरात ओरडायला मिळायचं ना! आणि गाऱ्हाण्याला ओ नाही दिली तर ते अर्धवट राहतं. अर्धवट सोडणं बरं नव्हे."

त्याच्या फोनवरून मी प्रसादला कळवले. तो घाबरून म्हणाला, "बाबा, तुम्ही कुणाच्या गाडीत बसलायत?"

"गावच्या माणसाच्या," मी म्हणालो.

दवाखान्यात पत्नी खाटेवर उठून बसली होती. हातात संत्र्याच्या रसाचा पेला. तिला उचलून आणणारी तीन पोरे दाराशी अवघडून उभी होती. मला पाहताच त्यांनी छातीवर हात ठेवले आणि कामावर निघून गेली. परिचारिका हिंदीत म्हणाली, "अम्मा अब एकदम ठीक है. खाली पेट सुई नहीं लेने का, समझाइए." पत्नीने माझ्याकडे पाहिले.

"एवढं काय झालंय तुम्हाला? चेहरा बघा."

"काही नाही," मी म्हणालो.

"आणि हे कोण?"

"हमीदभाई. विजयदुर्गचे."

"मग उभं का ठेवलंत त्यांना?" ती म्हणाली. "बसा हो भाऊ. आज काय मिळालं? सुरमई?"

पुढे पंधरा मिनिटे ती दोघे मासळीच्या भावांवर बोलत होती. मी खिडकीपाशी उभा होतो. तेथून समुद्र दिसत नव्हता.

या घटनेवर मी पुष्कळ विचार केला आहे. गाऱ्हाणे मी घातले त्याच्या आधीच तिला उचलून नेले होते. म्हणजे माझ्या प्रार्थनेने ती वाचली, असे मी म्हणू शकत नाही. ज्यांनी वाचवले त्यांनी माझे गाऱ्हाणे ऐकलेही नव्हते. पण मी मागितले होते एवढेच की तिला एकटी ठेवू नको. आणि ती एकटी नव्हतीच. मीही नव्हतो. शरण जायचे म्हणजे मोठे काही करायचे असते, असे मी समजत होतो. बहुधा ते लहान असते: देवासाठी आपण आखलेली रेघ आपणच पुसायची. ती हद्द रवळनाथाने घातलेली नव्हती. त्या वृद्धाचे, त्या तीन पोरांचे आणि हमीदभाईंचे ऋण मी मानतो. या देशाचेही मानतो.

परतीच्या वाटेवर ती झोपली. सायंकाळी शारजात घरी आल्यावर जेवणाआधी तिची रक्तशर्करा मी स्वतः तपासली. यंत्र कसे चालते ते नेहाकडून समजून घेतले. पहिल्यांदा सुई नीट लागली नाही, ती म्हणाली, "कालवा खणताय का?" दुसऱ्यांदा लागली. आकडा ठीक होता. मग तिचे पान घेतले आणि भात वाढला.