पंखा बंद कर, सारिका

पीएच.डी.च्या मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी मीनाताईंना मुद्दामच फोन केला नाही. ताप आला म्हणून त्या रजेवर होत्या, सोमवारी येणारच होत्या. समोर उभं राहून सांगायचं, त्यांचा चेहरा बघायचा, असं ठरवलं होतं... रविवारी सकाळी मैत्रिणीचा फोन आला. ताई गेल्या होत्या.

मीनाताई आमच्या प्राणिशास्त्र विभागातल्या सीनियर. नोकरी, घर सांभाळून पीएच.डी. करत होत्या. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. सीव्हीत काय लिहितात हे विचारायचीही मला लाज वाटायची. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कसाबसा एक तयार केला आणि त्यांच्यापुढे धरला. दहावी-बारावीचे टक्के, टायपिंगची परीक्षा, रांगोळीचं बक्षीस. त्यांनी तो शांतपणे वाचला.

"रांगोळी छान काढतेस वाटतं. आणि झेंडूवरचे फुलकिडे दोन हंगाम कोणी मोजले? शेजारणीने?"

"ताई, ते आमच्याच शेतात केलंय. घरचं काम... ते कसं लिहायचं?"

त्यांनी कात्री घेतली आणि माझ्या सीव्हीची एकेक ओळ कापून पट्ट्या केल्या. "पंखा बंद कर, सारिका. उडून जाईल तुझं करिअर." एप्रिलचं ऊन, बंद पंखा, प्रयोगशाळेतल्या टेबलावर मांडलेल्या पट्ट्या. एका कोऱ्या पट्टीवर त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं: झेंडूवरील फुलकिड्यांचं निरीक्षण, दोन हंगाम, मखमलाबाद. ती पट्टी सगळ्यांत खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आता सरकव वर." टायपिंग मागे पडलं. "चल, अजून एक घर!" बारावी मागे पडली. शर्यत बघावी तशा त्या टाळ्या वाजवत होत्या. घामाने पट्ट्या बोटांना चिकटत होत्या आणि मला पळत जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, की मी संशोधन केलंय! रांगोळी मी काढून टाकणार होते. "राहू दे गं तळाला. मुलाखतीत कुणीतरी हसायला हवं." संदर्भासाठी त्यांचं नाव देऊ का, असंही मी चाचरत विचारलं. "मीच अजून विद्यार्थिनी. आधी मला डॉक्टर होऊ दे, मग खुशाल टाक."

घरी नवा सीव्ही बघून बाबांनी विचारलं, "आपलं वावर हाय का यात?" मी बोट ठेवून दाखवलं. "मला न इचारता घेतलं व्हय? भाडं लागंल!" असं म्हणून तो कागद त्यांनी आईला दाखवला, मग काकांना, मग दूध घालायला आलेल्यालाही.

ताई गेल्यानंतरच्या आठवड्यात मुलाखत झाली. रडू येईल अशी भीती होती. पहिलाच प्रश्न आला, "हे शेत कुणाचं?" आधीची मी 'एका शेतकऱ्याचं' म्हणून मोकळी झाले असते. "माझ्या वडिलांचं," मी म्हटलं. "माझ्या मोजणीसाठी त्यांनी त्या तुकड्यावर दोन हंगाम फवारणी केली नाही." मग मी बोलतच राहिले. शेवटी एका सरांनी पान उलटलं आणि रांगोळी वाचून ते खरंच हसले... ताई, हसले हो!

माझी निवड झाली. परवा सीव्हीत पीएच.डी.ची नवी ओळ घालायची होती. प्रयोगशाळेत त्याच टेबलाशी बसले, कात्री घेतली, उठून पंखा बंद केला. ज्युनियर मुली ओरडल्या, "ताई, उकडतंय ना!"

"थांबा गं थोडं," मी म्हटलं आणि नवी पट्टी सगळ्यांत खाली ठेवली. मग ती वर सरकवायला लागले... चल, अजून एक घर.