मज्जा कुठवर गेली?

दवाखान्यात महिनाभर ऱ्हायलं की पिशवीत कपडे कमी आन् किस्से जास्त हुत्यात! आमचं मालक कडब्याच्या गंजीवरनं पडलं, तवा सांगलीच्या मणक्याच्या वॉर्डात माझंबी तसंच झालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबांच्या मज्जारज्जूला मार लागलाय."

कमरेखाली कायबी कळत नसताना मालक म्हणालं, "आवं बाई, जलमभर कामच केलं. मज्जा कवा केली, तवा तिला मार लागंल?"

*

शेजारच्या खाटंवर म्हसवडचा तरणाबांड फौजी गणेश. मोटरसायकलवरनं पडल्याला. दोघांचा मार एकाच मणक्याचा. पर फौजी पाय हलवाय लागला, मालकांचा आंगठाबी हलंना.

मी बाईंस्नी विचारलं, "असं का वो?"

"वय, आजी. म्हातारपणी आतली सूज लवकर उतरत नाही. शेजारचा चांगला भागही खराब करत जाते."

"आसं व्हय! हिरव्या उसात ठिणगी पडली तर तिथंच इझती. वाळल्या पाचटात पडली की सगळा फड!"

मालक खवळलं. "म्हंजे मी पाचट व्हय गं?"

*

पायाचा व्यायाम घ्याया येणारी फिजिओ पोरगी रोज वरडायची, "आजोबा, ताकद लावा!"

"लावतुय की! कमरंपातूर जाती आन् माघारी येती."

फौजी म्हणाला, "आजोबा, मधी चेकपोस्ट लागलाय!"

*

रोज सकाळी बाई पायाला टाचणी लावायच्या. "डोळे मिटा. कळलं की सांगा."

मालक दर खेपंला "व्हय!"

एकदा बाईंनी टाचणी खिशात घातली आन् विचारलं, "आता?"

"व्हय! लय टोचलं!"

वॉर्ड हासला. बाई न्हाई हासल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजी, पायाला खरंच कळायला लागलं, तरच चालायची आशा."

मी मालकांस्नी विचारलं, "खोटं का वो बोलता?"

"एवढी शिकल्याली लेक रोज पायाशी वाकती. तिला न्हाई कसं म्हणायचं?"

"म्हणायचं! उद्यापास्नं खरं बोलायचं!"

*

दुसऱ्या दिवशी मालकांनी डोळं मिटलं.

"पोटरीला कळलं?"

"न्हाई."

"इथं, टाचेला?"

"न्हाई, बाई."

बाईंनी टाचणी ठिवली आन् माझ्याकडं बघितलं.

मालकांचं डोळं तसंच मिटल्यालं. म्हणालं, "आवं, झालं आसंल तर डाव्या पायाच्या आंगठ्यावरची माशी तेवढी हाका की."

आमी सगळी पायाकडं वळलो.

माशी हुती!